फसलो नाही, चोरी झाली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरफोडी झाली की शेजारी धावून येतात. खात्यातले पैसे गेले की तेच शेजारी विचारतात, ‘ओटीपी दिलाच कशाला?’ आपली भाषाही तशीच. चोरी ‘होते’, पण आपण ‘फसतो’.

कायद्याने दोन्ही वेगळं धरण्याला कारण आहे. चोरीत मालकाची संमती नसते. फसवणुकीत तो आपल्याच हाताने देतो. पण लबाडीने काढून घेतलेल्या संमतीला संमती म्हणायचं का? इंग्लंडच्या न्यायाधीशांपुढे हा प्रश्न 1779 मध्येच आला होता. पियर नावाच्या इसमाने एका दिवसासाठी घोडी भाड्याने नेली आणि त्याच दिवशी विकून टाकली. घोडी मालकानेच दिली होती, तरीही ती चोरीच ठरली, कारण परत आणायचा त्याचा विचार मुळातच नव्हता.

ओळखचोरीत तर तेवढीही संमती नसते. माझ्या नावावर कोणीतरी कर्ज उचललं, हे मला वसुलीच्या फोनवरून कळलं. (कर्ज देणाऱ्यांनी अर्जावरचा फोटोही धड पाहिला नव्हता. असो.) तक्रार द्यायला गेलो तर ऐकायला मिळालं, ‘तुमचं तर काहीच गेलेलं नाही!’ खरंच आहे, नाव माझ्यापाशीच, जन्मतारीखही माझ्यापाशीच. गेली ती पत. शिवाय चोरीची सायकल सापडली तर विषय मिटतो. इथे पासवर्ड बदलता येईल, अंगठ्याचा ठसा कुठून बदलून आणू?

अमेरिकेने 1998 मध्ये ओळखचोरीचा वेगळा कायदा केला आणि ज्याची ओळख वापरली गेली, त्या माणसालाही पीडित मानलं. मला महत्त्वाचं वाटतं ते हेच. शिक्षा वाढवा असं माझं म्हणणं नाही. घरफोडीनंतर ‘दागिने तुम्हीच विकले नाहीत कशावरून?’ असं कोणी विचारत नाही. मी मात्र न घेतलेलं कर्ज घेतलं नव्हतं, हे सिद्ध करायला सात महिने कागद नाचवत होतो. सही कोणाची, रक्कम कोणाच्या खात्यात गेली, हे कर्ज देणाऱ्यानेच दाखवावं. फसला असेल तर तो फसला; चोरी माझ्याकडे झाली. लेखी तक्रार पोचली की त्या दिवसापासून वसुलीचे फोन बंद व्हावेत.

माझ्या पतअहवालात ते कर्ज आजही आहे, ‘वादग्रस्त’ असा शेरा मिरवत.

आपला,
एक वाचक