खोलीखालची टाकी

मा. संपादक, स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतला ग्रीसवरचा लेख वाचला. पांढरी घरं, निळे घुमट, सूर्यास्त, सगळं आलं. दगडी भिंतींची, लाल कौलांची गावंही त्या किनाऱ्यावर आहेत, ती मात्र राहिली. गेल्या मे महिन्यात आम्ही दोघं ग्रीसच्या पेलोपोनीज द्वीपकल्पाच्या दक्षिणेला, मोनेम्वासियाच्या किल्ल्यात तीन रात्री राहिलो. जुनी घरं दुरुस्त करून केलेलं छोटंसं हॉटेल होतं.

गाव समुद्रातल्या एका अवाढव्य खडकाच्या पलीकडच्या अंगाला आहे, मुख्य भूमीवरून एक घर दिसत नाही. ‘मोनी एम्वासिस’ म्हणजे एकच वाट, त्यावरून हे नाव. वेशीतून आत मोटार जात नाही, तिथून फरसबंदी आणि पायऱ्या. बुकिंग करताना खोलीतून समुद्र दिसतो हे चार ठिकाणी वाचलं. खोलीपर्यंत ६४ पायऱ्या आहेत हे कुठेच नव्हतं. (मोजल्या. जुनी खोड.) बॅगेचं चाक पहिल्याच वळणावर निखळलं आणि सौंचा गुडघा तिसऱ्या वळणावर बोलू लागला. शिवाय चार तारांकित खोलीला रात्रीमागे १० युरो हवामान शुल्क, तेही तिथे गेल्यावर वेगळं भरायचं.

तरीही पुन्हा जाईन, ते त्या टाकीसाठी. मी ३१ वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढली. खोलीच्या कोपऱ्यात जमिनीला जाड काच बसवलेली, आत दिवा. सौंना वाटलं शोभेची वस्तू आहे. मी गुडघे टेकून डोकावलो तर खाली कमानदार छताची, पुरुषभर खोल टाकी! त्या खडकावर वाहतं पाणी नाही. त्यामुळे छपरावर, गच्चीवर पडलेला पाऊस भाजक्या मातीच्या नळांतून घराच्या पोटात उतरवायचा, अशी जुनी रीत. आतला गिलावा फिकट गुलाबी दिसला आणि मी मालकीणबाईंना खुणेनंच विचारलं, विटेची भुकटी? त्या म्हणाल्या, ‘कुरासानी’. म्हणजे आपली सुरखीच की! चुन्यात मिसळली की पाणी धरून ठेवणारी. मग दोन तास त्या मला शेजारपाजारच्या टाक्या दाखवत हिंडल्या, गुडघा शेकत बसलेल्या सौंची नाश्त्याची वेळ टळली.

१८२१ मध्ये ग्रीकांनी वेढा घातला तेव्हा आतली तुर्की शिबंदी उपासमारीने शरण आली. धान्य बाहेरून आणावं लागे. पाऊस तेवढा वेढ्याला न जुमानता आत येत असणार.

पुढच्या वेळी अशा हॉटेलांवर लेख छापाल तेव्हा खोलीपर्यंतच्या पायऱ्यांचा आकडा जरूर द्यावा. सूर्यास्ताचा एखादा फोटो कमी झाला तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त कनिष्ठ अभियंता