अर्ज मंजूर झाला, म्हणून शेत विकू नका

मॅनहॅटन, कॅन्सस
डिसेंबर २०२५

ती. आई आणि आप्पांस,
शि. सा. नमस्कार.

आप्पा, ओढ्याकडच्या काळ्या रानाला गिऱ्हाईक आलंय, हायवेमुळे भावही चांगला मिळतोय, आणि "तुझं तिकडं पक्कं झालं, आता रान ठेवायचं कुणासाठी?" असं तुम्ही फोनवर विचारलंत. मागे सगळी मंडळी बोलत होती, त्यामुळे मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हे पत्र. सगळ्यात आधी महत्त्वाचं सांगते: रान विकू नका आणि कुणाचा इसार घेऊ नका. तुम्हाला पैशाची नड असेल तर ती वेगळी गोष्ट, तसं मला मोकळेपणी सांगा. पण माझं ग्रीन कार्ड झालं म्हणून विकत असाल तर थांबा, कारण ते झालेलं नाही.

मंजूर झालाय तो आय-१४० नावाचा अर्ज, म्हणजे ग्रीन कार्डच्या, इथे कायम राहायच्या परवान्याच्या, वाटेवरची पहिली पायरी. तुम्ही विज्ञानाचे मास्तर, त्यामुळे अर्धवट सांगितलेलं तुम्हाला चालत नाही. म्हणून मुळापासून सांगते.

इथे नोकरीच्या आधारावर कायम राहायची परवानगी हवी असेल, तर नेहमीचा रस्ता मालकाच्या दारातून जातो. संस्था जागेची जाहिरात देते, त्या जागेसाठी लायक आणि तयार असा अमेरिकन माणूस मिळत नाही हे श्रम खात्याला दाखवते आणि मग तुमच्यासाठी अर्ज करते. कायमच्या नोकरीत असलेल्याला हा रस्ता ठीक आहे. आम्हा संशोधकांची अडचण अशी की पीएच.डी. नंतरची बरीच वर्षं हंगामी जागांवर जातात. प्रकल्पाचं अनुदान असेल तोवर पगार. जी जागाच कायमची नाही, तिच्यासाठी संस्था कायमचा माणूस कसा मागणार?

यासाठी १९९०च्या कायद्यात एक वाट ठेवलेली आहे, नॅशनल इंटरेस्ट वेव्हर, म्हणजे देशहितासाठी दिलेली सूट. उच्च पदवी असलेल्या माणसाचं काम देशाच्या हिताचं असेल, तर मालक आणि जाहिरात या दोन्ही अटी सरकार माफ करू शकतं. मग अर्जदार स्वतःच अर्ज करतो. माझ्या अर्जावर कुठल्याही संस्थेची सही नाही, फक्त माझी आहे. आप्पा, तुम्ही हिशेब विचारणारच, म्हणून सांगते. सरकारी फी ७१५ डॉलर आणि स्वतःच अर्ज करणाऱ्यांसाठी आणखी ३०० डॉलर. वेगळी मोठी फी भरली तर कामाच्या ४५ दिवसांत उत्तर मिळतं. मी ती भरली नाही. त्या घाईनं पुढचं काहीच लवकर होत नाही.

देशाचं हित म्हणजे काय, हे कायद्यात कुठेच सांगितलेलं नाही. ते निवाड्यांतून ठरत गेलं. १९९८मध्ये न्यूयॉर्कच्या वाहतूक खात्यातल्या एका पूल-अभियंत्याच्या प्रकरणात फार कडक कसोटी लागली आणि पुढची अठरा वर्षं तीच चालली. डिसेंबर २०१६मध्ये धनसार या नावानं ओळखला जाणारा निवाडा आला आणि दार बरंच उघडलं. तो अर्जदार आवाजाच्या कित्येक पट वेगानं जाणाऱ्या यानांच्या इंजिनांवर संशोधन करणारा. अर्ज आधी फेटाळला गेला होता, अपिलात मंजूर झाला. तेव्हापासून तीन गोष्टी बघतात. काम मोलाचं आहे का आणि त्याचा उपयोग देशाच्या पातळीवर पोचतो का, ही पहिली. ते काम पुढे नेण्याची तुमची तयारी आणि ताकद आहे का, ही दुसरी. आणि सगळं तोलून पाहिलं तर नोकरीची अट माफ करण्यात देशाचा फायदा आहे का, ही तिसरी.

त्या निवाड्यातली एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगायची आहे. त्या माणसानं संशोधनासोबत आपलं शिकवण्याचं कामही पुढे केलं होतं. विज्ञान-तंत्रज्ञान शिकवणं मोलाचं आहे, हे निवाडा देणाऱ्यांनी मान्य केलं. पण त्या शिकवण्याचा परिणाम वर्गापलीकडे देशभर पोचतो हे सिद्ध होत नाही, असं म्हणून ते बाजूला ठेवलं आणि संशोधनावर अर्ज मंजूर केला. कायद्याच्या अंगानं मला ते समजतं. तरी मनाला पटलं नाही. तुमच्या एका वर्गातून किती पोरं कुठे कुठे गेली, हे मी पाहिलंय. ते मोजायचं माप त्या कागदांत नाही, एवढंच मी म्हणेन.

आता माझ्या अर्जात काय होतं ते सांगते. आई, तुला हे आवडेल, कारण सगळा अर्ज ज्वारीवर उभा आहे.

अमेरिकेत ज्वारी पिकवण्यात कॅन्सस पहिलं. इथले शेतकरी तिला मायलो म्हणतात. आपल्या मालदांडीसारखी डोक्यावर जाणारी नाही, कंबरेएवढी ठेंगणी, तांबड्या कणसांची, थेट यंत्रानं काढायची. भाकरी कुणी करत नाही. ती जाते जनावरांच्या खाद्याला, इथेनॉलला आणि परदेशी विक्रीला. पश्चिम कॅन्ससमध्ये जमिनीखाली ओगलाला नावाचा पाण्याचा प्रचंड साठा आहे, दक्षिण डाकोटापासून टेक्सासपर्यंत आठ राज्यांच्या खाली पसरलेला. कित्येक दशकं त्यातून पाणी उपसून मका घेतला गेला आणि पुष्कळ ठिकाणी पाणी खोल खोल गेलं. आपल्या भागातल्या बोअरची गोष्ट तुम्हाला वेगळी सांगायला नको. मक्यापेक्षा ज्वारीला पाणी कमी लागतं. पण फुलोऱ्यानंतर ओल संपली की ताटं करपतात, दाणा भरत नाही. ज्वारीच्या काही वाणांची पानं अशा वेळीही हिरवी राहतात. हा गुण मूळचा इथिओपियाच्या ज्वारीतून आलेला आहे, आणि तो कोणत्या जनुकांमुळे येतो, मुळं त्यात काय करतात, यावर माझं काम आहे.

हे सगळं अर्जात मांडायचं म्हणजे नुसतं "माझं संशोधन महत्त्वाचं आहे" असं लिहून भागत नाही. ओगलालाचे सरकारी अहवाल जोडले. माझे शोधनिबंध, ते कुणी कुणी आपल्या निबंधात वापरले त्याच्या याद्या, इतरांचे निबंध तपासायला मला नियतकालिकं बोलावतात त्याची पत्रं, हे सगळं जोडलं. पुढची काही वर्षं नेमकं काय करणार याचा आराखडा लिहिला. आणि शिफारसपत्रं. माझ्या मार्गदर्शक बाईंचं पत्र आहेच, पण जास्त वजन असतं ते ज्यांनी माझ्यासोबत कधी काम केलं नाही अशा लोकांच्या पत्रांना. ज्यांना मी कधी भेटले नव्हते अशा मोठ्या शास्त्रज्ञांनी माझं काम वाचून पानभर, दोन पानं लिहून दिली. त्यातलं एक पत्र मी तुम्हाला मराठीत करून पाठवणार आहे. ते वाचताना मला वाटलं होतं, हे आधी आप्पांनी वाचायला हवं.

आप्पा, तुम्ही रागावून नाही, पण जरा दुखावून विचारलंत, की आमच्या लेकीनं त्यांच्या देशाचं भलं करायचं लिहून दिलं का. तुमच्याशी खरं बोलायला हवं. माझं काम अमेरिकेच्या उपयोगाचं आहे असं मी लिहिलंय, आणि ते खरं आहे. पण त्यात कुठलीही शपथ नाही. माझा पासपोर्ट भारताचाच आहे आणि ग्रीन कार्ड मिळालं तरी भारताचाच राहतो. काम छापून येतं, ते राहुरीच्या कृषी विद्यापीठात वाचता येतं, हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या संशोधन संस्थेत वाचता येतं. मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी म्हणजे एम ३५-१ जगभरच्या ज्वारी-संशोधकांना माहीत आहे, माझ्याही निबंधांत तिचं नाव आहे. मंगळवेढ्याची रब्बी ज्वारी पावसाळ्यात जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते आणि तिकडेही दाणा भरायच्या वेळीच ओल संपते. प्रश्न एकच आहे. हे सांगितल्यानं मी तिकडे नसल्याची भरपाई होते असं मात्र मी म्हणणार नाही. ती होत नाही.

आता रांगेचं. हे नीट वाचा, कारण सगळा गैरसमज इथेच आहे.

कायम राहायचा परवाना नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० लोकांना मिळतो, बायका-मुलं धरून. त्यातले २८.६ टक्के माझ्या, म्हणजे उच्च पदवीवाल्यांच्या ईबी-२ वर्गाला. आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना ७ टक्क्यांहून जास्त नाही. इथे नागरिकत्व बघत नाहीत, जन्म कुठे झाला ते बघतात. गणित तुम्हीच करा: भारताच्या वाट्याला माझ्या वर्गात वर्षाला सुमारे २,८०० येतात, आणि दुसऱ्या देशांचे उरले तर थोडे वर. अर्जदार मात्र लाखांत आहेत. या महिन्याच्या, डिसेंबर २०२५च्या, सरकारी पत्रकात भारताची ईबी-२ रांग २०१३ सालात अर्ज केलेल्यांपर्यंत आलेली आहे. माझा अर्ज गेल्या वर्षीचा. बारा वर्षांत माझा नंबर येईल असंही समजू नका, कारण २०१३वाले आणि मी यांच्या मध्ये उभे असलेले पुष्कळ आहेत आणि वर्षाला पुढे सरकतात ते काही हजारच. देशहित मान्य झालं म्हणून रांगेत पुढे घेत नाहीत. पंढरपूरला दर्शनबारीत उभं राहायचा पास मिळाला, एवढंच झालंय. पांडुरंग अजून लांब आहे.

मग मिळालं काय? पुष्कळ मिळालं. माझ्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची मुदत एरवी सहा वर्षांची. आय-१४० मंजूर असेल आणि रांग बाकी असेल, तर तो पुढे तीन-तीन वर्षांनी वाढवता येतो. रांगेतला नंबर ठरवणारी अर्जाची तारीख आता माझी आहे. विद्यापीठ बदललं, तरी हेच काम चालू ठेवलं तर अर्ज मरत नाही. उद्या माझं काम आणखी वाढलं आणि ईबी-१ या वरच्या वर्गात अर्ज मंजूर झाला, तर हीच तारीख तिकडे लागू होते. त्याच पत्रकात ती रांग २०२२पर्यंत आलेली आहे. त्यासाठी माझी धडपड चालू आहे. पण नोकरी मात्र टिकवावी लागणार. अर्जाला मालक लागत नाही, एच-१बीला लागतो. नोकरी गेली तर दुसरी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. म्हणून "पक्कं झालं" हा शब्द कृपा करून गावात वापरू नका.

आणि तुम्हा दोघांना इकडे आणायचं. आत्यानं सांगितलं की ग्रीन कार्डवाले आईबापांना बोलावून घेतात. ते तसं नाही. ग्रीन कार्डवर आईवडिलांसाठी अर्ज करता येतच नाही. नागरिक व्हावं लागतं, ते ग्रीन कार्ड मिळाल्यावर साधारण पाच वर्षांनी. तसं झालं की आईवडिलांना रांग नसते हे खरं. पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणजे मला आपला पासपोर्ट परत करावा लागेल. ते मी करेन की नाही, मला आज माहीत नाही. ज्या गोष्टीचा निर्णय मी घेतलेला नाही आणि जी झाली तरी वीस-एक वर्षांनी होईल, तिच्या भरवशावर तुम्ही आज रान विकायचं?

रानाबद्दल आणखी एक. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं मिळालेली ठेवता येते. म्हणजे आज तुम्ही विकलंत, आणि उद्या मला परत यावंसं वाटलं, तर इथे असेपर्यंत ते रान काय, दुसरं गुंठाभर रानही मला घेता येणार नाही. सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे ते राहू द्या. कसायला जमत नसेल तर वाट्यानं द्या. मला त्यातलं उत्पन्न नको. मला परत यायला एक जागा हवी आहे, आणि ज्या मातीवरून हे सगळं काम सुचलं ती आपली असावी, एवढंच मागते.

आई, आता तुझ्याशी. "तुझं तिकडचं मार्गी लागलं की तिथेच गुडघा दाखवू" असं तू म्हणतेस. तिकडचं मार्गी लागायची वाट बघू नकोस. पर्यटक व्हिसावर तुम्ही दोघं फिरायला या, सहा महिन्यांपर्यंत राहता येतं, पण गुडघ्याचं ऑपरेशन सोलापुरातच करायचं. तिथे तुझ्या भाषेत बोलणारे डॉक्टर आहेत आणि व्यायाम करून घेणारी बाई रोज घरी येऊ शकते. माझ्या पासपोर्टवरचा व्हिसा अजून चालू आहे, आणि हा अर्ज केला म्हणून मला भारतात येता येत नाही असं काही नाही. माझी इथली पेरणी सुरू व्हायच्या आधी मला रजा मिळते. डॉक्टरांकडून फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख घे आणि तारीख मिळाली की लगेच कळव, म्हणजे मी तिकीट काढते.

तुमची,
मोठी