'कळलं का' असं विचारू नकोस

चि. राणीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, आजीला मी सगळं नीट सांगितलं होतं, तिनं मानसुद्धा डोलावली होती." तेव्हा मी गप्प राहिले. आज गृहभेटी लवकर आटोपल्या, म्हणून लिहायला बसलेय.

दिवाळीत तू आजींना सांगितलंस, थायरॉईडची गोळी रोज सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची. तू हॉस्टेलला परतलीस आणि काही आठवड्यांनी मी बघते, तर आजी ओट्याशी उभ्या, एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात गोळी. मी म्हटलं, "अहो आई, रिकाम्या पोटी घ्यायची ना?" तर म्हणतात, "मग काय करतेय? चहा म्हणजे काय खाणं झालं का गं?" त्यांच्या लेखी पोटात भाकरी किंवा पोहे गेले तरच ते खाणं. दुधाच्या चहाबरोबर ती गोळी नीट शोषली जात नाही, हे तुला पाठ आहे. पण 'चहाच्या आधी अर्धा-पाऊण तास, नुसत्या पाण्याबरोबर' हे शब्द तुझ्या तोंडून आलेच नाहीत. तोवर रक्तातला टीएसएच (तो वाढला म्हणजे थायरॉईड कमी पडतंय) वाढलेला दिसला म्हणून डॉक्टरांनी 50 ची गोळी 75 ची केली होती. चहाचं त्यांना मी जाऊन सांगितलं.

मी तुला रागवत नाहीये. गावात आशा सेविका म्हणून नवीन होते तेव्हा मीही हेच करायची. एका घरी वर्षाच्या बाळाला जुलाब होत होते. ओआरएस कसं करायचं ते सांगितलं, "कळलं का?" विचारलं, आई म्हणाली "हो ताई". दुसऱ्या दिवशी गेले तर पुडीचा कोपरा कापून रबर लावून ठेवलेला, आणि ती चिमूट-चिमूट पावडर वाटीभर पाण्यात कालवत होती. म्हणाली, "लेकरू एवढं लिटरभर कुठं पितंय, वाया जाईल." तिची काटकसर खरी होती, पण मीठ-साखरेचं प्रमाण पार बिघडलं होतं. पाणी घट्ट झालं तर बाळाला अपाय, पातळ झालं तर उपयोग नाही. तेव्हापासून मी लिटरची बाटली मागते, अख्खी पुडी तिच्याच हातानं ओतायला लावते आणि उरलेलं 24 तासांनी फेकायला सांगते. झिंकच्या गोळ्यांचंही तसंच. जुलाब दोन दिवसांत थांबले की गोळ्या फळीवर जातात, म्हणून मी विचारते, "चौदा कशासाठी दिल्यात, सांगा बरं मला."

तुमच्या पुस्तकात डॉ. दिलीप महालनबीस यांचं नाव आहे का, बघ. 1971 साली बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं. त्यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोजच्या, म्हणजे ओआरएसच्याच, पुड्या बांधल्या आणि पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. शंभरातले 30 च्या आसपास दगावत होते, ते प्रमाण 4 च्या खाली आलं. औषध साधंच होतं गं. पण घाबरलेल्या, घरदार सोडून आलेल्या माणसांना ते किती आणि कसं पाजायचं हे उमगलं, तिथे जीव वाचले. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

आणखी एक, जरा कडू आहे. गेल्या महिन्यात सर्दी झाली म्हणून तू मैत्रिणीकडची उरलेली अँटिबायोटिकची पाकिटातली गोळी घेतलीस. साधी सर्दी विषाणूनं होते, तिथं ती गोळी काही करत नाही, हे तू परीक्षेत लिहून आली आहेस. पेपरातलं ज्ञान स्वतःच्या सर्दीपर्यंतसुद्धा पोचलं नाही, तर वॉर्डातल्या माणसापर्यंत कसं पोचायचं? वर्गात नाही कळलं तर तूही मान डोलावतेस ना? मॅडमना थांबवून विचार. हसतील मुली, हसू देत.

आणि शब्द आपले वापर. आमच्याकडे एका काकांना थुंकीचा रिपोर्ट 'निगेटिव्ह' आला असं सांगितलं, तर ते मटकन खालीच बसले, त्यांना वाटलं काहीतरी वाईट निघालं. 'टीबीचे जंतू दिसले नाहीत' म्हटलं असतं तर चहा पिऊन घरी गेले असते. पोस्टिंगला गेलीस की 'कळलं का' विचारू नकोस, त्याला सगळे 'हो'च म्हणतात. "घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल, ते मला सांगा," असं विचार. चुकलं तर "माझं सांगायचं राहिलं" म्हण आणि पुन्हा सांग. घाईत दोन मिनिटं जास्त जातात, जाऊ देत.

आजींची गोळी आता उशाशी तांब्याजवळ असते. उठल्या की घेतात, मग देवपूजा, मग चहा. सहा आठवड्यांनी टीएसएच परत करायचाय. रिपोर्ट आला की फोटो पाठवते. आजींना काय आलंय ते तूच फोनवर सांग, मी शेजारी बसून ऐकते.

जेवण वेळेवर करत जा.

तुझी,
आई