सईच्या कॉलेजबद्दल, दादासाठी

प्रिय दादा आणि वहिनी,

परवा फोनवर तू विचारलंस, "मॉरिस म्हणजे कुठलं गं, कधी नाव नाही ऐकलं, शाखा आहे का कसली?" आणि मला नीट सांगताच आलं नाही, मागे कुकरच्या शिट्ट्या, ह्यांची मीटिंग, सगळा गोंधळ. तेव्हापासून मनात घोळतंय म्हणून आज लिहायला बसलेच. तूच नाही रे, इथल्या मराठी मंडळातही सईने मॉरिस घेतलं म्हटलं की लोक जरा गप्प होतात आणि मग म्हणतात, "अच्छा, मिनियापोलिसला नाही मिळालं का?" मिळालं होतं. तिनेच नको म्हटलं.

युनिव्हर्सिटी ऑफ मिनेसोटाचे पाच कॅम्पस आहेत, मॉरिस त्यातलंच एक. मिनियापोलिसच्या मोठ्या कॅम्पसला 50,000 च्या वर मुलं, फुटबॉल, मोठी हॉस्पिटलं, सगळं. मॉरिस तिथून गाडीने अडीच-तीन तास, चहूकडे मका आणि सोयाबीन, गाव 5,000 वस्तीचं. कॉलेज 1960 साली सुरू झालं, आणि ते मुद्दाम लहान ठेवलेलं, म्हणजे कार्लटन किंवा मॅकॅलेस्टरसारख्या (कोफी अन्नान शिकले ते) श्रीमंत खाजगी कॉलेजात जसं प्राध्यापक मुलांना नावाने ओळखतात तसं शिक्षण सरकारी फीमध्ये मिळावं हा विचार. डिग्रीवर नाव युनिव्हर्सिटी ऑफ मिनेसोटाचंच, पण त्या नावामुळेच लोकांना वाटतं की ही दुय्यम शाखा, मोठीकडे जमलं नाही म्हणून आलेली मुलं.

त्यात मॉरिस म्हणजे "लिबरल आर्ट्स" कॉलेज, विज्ञान, गणित, इतिहास, भाषा सगळं मिळून शिकवणारं. आपल्याकडे आर्ट्स म्हटलं की कमी मार्कवाल्यांची साइड, इथेही फार वेगळं नाहीये, लोकांना चित्रकला वाटते नाहीतर "लिबरल" म्हणजे राजकारणातलं डावं वाटतं. सई तिथे स्टॅटिस्टिक्स आणि बायोलॉजी करणार आहे, सोबत इतिहास आणि एक भाषा, हे सांगितलं की मग समोरच्याचा चेहरा जरा सैल होतो.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते पैशाचं. खाजगी कॉलेजं छापील फी भरमसाट ठेवतात आणि मग पहिल्या वर्षाच्या मुलांना सरासरी निम्म्याहून जास्त सूट देतात. आम्हालाही एका कॉलेजकडून असं पत्र आलं होतं, तुमच्या मुलीला वर्षाला इतक्या हजार डॉलरची स्कॉलरशिप, अभिनंदन, आणि खरं सांगते, मी ते पत्र दोनदा वाचलं आणि आईला फोन करायला उठले होते. मग ह्यांनी कागदावर हिशोब मांडला तेव्हा कळलं की सूट वजा जाऊनही ते मॉरिसपेक्षा महागच. सरकारी कॉलेजची फी मुळातच कमी, तिथे सूट द्यायला जागा कुठली, म्हणून त्यांचं पत्र साधं असतं आणि आईबाप म्हणतात, स्वस्त आहे म्हणजे काहीतरी कमी असणार. आणि रँकिंगमध्ये इतकी वर्षं एका विद्यार्थ्यामागे खर्च किती, माजी विद्यार्थी देणगी किती देतात यालाही मार्क होते. शेतकऱ्यांची, शिक्षकांची मुलं शिकवणारं कॉलेज त्यात कुठून वर येणार?

आता मुलंच कमी झालीत हेही आहे. अमेरिकेत 2007 साली 43 लाख बाळं जन्मली, मग 2008 ची मंदी आली आणि आकडा घसरत 2023 ला 36 लाखांच्या आसपास आला. 2007 ची मुलं 2025 मध्ये अठराची होतात, म्हणजे खरी घट त्याच्या पुढेच. मॉरिसला दहा-बारा वर्षांपूर्वी 1,800-1,900 मुलं होती, आता हजाराच्या आसपास. मिझुरीतलं ट्रुमन स्टेट, वॉशिंग्टन राज्यातलं एव्हरग्रीन, अशा दुसऱ्या सरकारी लिबरल आर्ट्स कॉलेजांतही मुलं घटली. नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिलच्या अशाच सरकारी कॉलेजात तर 2024 मध्ये नाटक, तत्त्वज्ञान, धर्म-अभ्यास आणि प्राचीन भूमध्य संस्कृती असे चार विषय बंद करायचं ठरलं. मुलं घटली की पैसे घटतात, मग विषय बंद होतात, त्याची बातमी आली की पुढच्या वर्षी आईबाप आणखी घाबरतात. बाबांच्या कॉलेजात बीएचे वर्ग रिकामे होत गेले तेव्हा बाबा घरी येऊन जेवायचे नाहीत, ते दिवस तुला आठवत असतील.

भीती मलाही वाटते दादा, खोटं कशाला सांगू. सई चार वर्षं पुरी करेपर्यंत तिचे विषय राहतील का, हे मी तिथे विचारलंसुद्धा, आणि सुरू केलेलं शिक्षण पूर्ण करू देतील एवढं त्यांनी सांगितलं.

पण एक गोष्ट ऐकली आणि माझं मन वळलं. त्या जागेवर पूर्वी मूळच्या अमेरिकन आदिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवायची बोर्डिंग शाळा होती. 1909 साली केंद्र सरकारने ती जागा राज्याला दिली ती या अटीवर, की तिथे आदिवासी मुलांना फुकट शिकवायचं. मधे तिथे शेतकी शाळा झाली, मग कॉलेज झालं, पण ती अट आजही पाळतात, आणि आज तिथली साधारण तिसरा हिस्सा मुलं त्या समाजातली आहेत. असं कॉलेज पटसंख्येच्या रकान्यात बसत नाही म्हणून संपलं तर ती मुलं जातील कुठे? सईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आई, मला माहितेय, म्हणूनच तर."

ऑगस्टच्या शेवटी तिला सोडायला जाणार. जानेवारीत तिकडे उणे पंचवीसपर्यंत जातं, तेव्हा वहिनी, आईच्या जुन्या लुगड्यांची ती गोधडी कुणी येणार असेल तर पाठवाल का? सईने ती मागितलीये, वजनाची काळजी करू नका.

तुझी,
बहीण