समोर काय ठेवू, असं विचारणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

पैठणहून लिहितोय. पैठणी विणणाऱ्या आईचा तुम्ही काढलेला फोटो भिंतीवर लागून आठवडा झाला, तरी येता-जाता पाय थबकतोच.

याआधी दोघांनी तिचे फोटो काढले होते. एकानं हातात प्लास्टिकचा गुलाब दिला, दुसऱ्यानं लेन्सपुढं दिव्यांची माळ धरली. धूसर ठिपके झकास आले, पण त्यांच्यामागं गावातली कुठलीही बाई बसवली असती तरी चाललं असतं.

तुम्ही कॅमेरा पिशवीतच ठेवलात. मागाच्या खड्ड्याशेजारी मांडी घालून बसलात आणि आईला विचारलंत, "मावशी, तुमच्यासमोर काय ठेवू?" आम्ही सगळे भरजरी पदराकडं बोट दाखवत होतो. आईनं तो बाजूला सारला आणि तिल्ल्यांची, म्हणजे रंगीत रेशीम गुंडाळलेल्या छोट्या कांड्यांची, टोपली पुढं केली. मोर काढायचा असो की मुनिया, प्रत्येक रंगाची तिल्ली वेगळी. दिवसभर तिची बोटं त्यांच्यातच. फोटो तिचा, मग तिला विचारायला काय लागतं? पण विचारत कुणी नाही.

बाकी तुमचं कसब. लेन्ससमोर काठीला सहा तिल्ल्या टांगल्यात, चेहराच झाकला; चार काढल्यात. उरलेल्या दोन सावलीतल्या गालाकडं, लेन्सपासून वीतभर. आई दोन मीटरवर. लेन्स ८५ मिमीची, अपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, f/2वर मोठं उघडलेलं. पुतण्याच्या हट्टापायी भोक लहान करून f/8वर एक काढलात, तर तिल्ल्यांच्या कडा उमटल्या आणि नजर आईला सोडून तिकडंच जायला लागली. खिडकीचं ऊन तिल्ल्यांवर पडलं की चेहऱ्यावर पांढरट धुकं यायचं. तुम्ही ओढणीचा आडोसा केलात, रंग लगेच गडद झाले. ऑटोफोकस सारखा तिल्लीलाच चिकटायचा. फोकसचा एकच पॉइंट जवळच्या डोळ्यावर ठेवलात, तरी घसरला, तेव्हा सरळ हातानं फोकस केलात. आई जरा पुढं झुकली की डोळा निसटायचा, म्हणून प्रत्येक वेळी चार-पाच फोटो. (पुतण्याला फोनवर असा धूसरपणा जमेना. सेन्सर एवढासा, तिल्ली जवळजवळ काचेलाच टेकवावी लागली.)

आता फोटोत डावीकडं एक निळा आणि एक राणी रंगाचा विरघळलेला डाग आहे, आणि त्यांच्याआडून आई बघते आहे, मागावरून मान वर करून बघते तशीच.

तुम्हाला पत्र लिहितोय म्हटल्यावर ती म्हणाली, "निळी आजून संपली नाय, म्हणावं त्यांना."