आई-बाबा, मतदानाआधीच्या दोन दिवसांत जपा

ती. आई-बाबा,
सा. न.

निवडणूक जवळ आली की ग्रुपवर नुसता मेसेजचा पूर येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सगळ्यात जपायचं ते शेवटच्या दोन दिवसांत. २०२३ साली स्लोव्हाकियात मतदान दोन दिवसांवर आलेलं असताना एका पक्षनेत्याच्या आवाजातली बनावट क्लिप पसरली. निवडणुकीत गडबड कशी करायची, हे तो बोलतोय असं तिच्यात ऐकू येत होतं. तेव्हा प्रचारबंदी होती, त्यामुळे खुलासा लोकांपर्यंत पोचवणं अवघड झालं. अशा खोट्याला कायम टिकावं लागतच नाही. मत पडेपर्यंत टिकलं की काम झालं.

बाबा, व्हॉट्सॲपवर मेसेजच्या वर दोन बाण दिसले, तर तो किमान पाच वेळा फॉरवर्ड होत आलेला असतो. पण बाण नाहीत म्हणजे मेसेज खरा, असंही नाही. मजकूर कॉपी करून नव्याने टाकला की ती खूण जाते.

फोटोची शंका आली तर गूगल लेन्समध्ये टाका आणि तो सगळ्यात आधी कधी झळकला ते बघा. बऱ्याचदा फोटो खराच असतो, फक्त जुना किंवा भलत्याच देशातला. खोटी असते ती खालची ओळ. व्हिडिओ असेल तर पाटी किंवा नंबरप्लेट दिसेल तिथे थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि तो शोधा. आवाज मात्र असा शोधता येत नाही. म्हणून नुसती ऑडिओ क्लिप पुढे पाठवूच नका, नावडत्या नेत्याची असली तरी. मोह तेव्हाच जास्त होतो.

आई, मतदानाची तारीख, केंद्र, कागदपत्रं यांविषयी काहीही आलं तर निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ताडून बघ. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडन यांच्या नकली आवाजात मतदारांना फोन गेले, की प्राथमिक निवडणुकीत (म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात) मत देऊ नका. अशा खोट्याला मत फिरवायचं नसतं, माणूस घरी बसवायचा असतो. मला याचाच जास्त राग येतो.

चुकून काही पाठवलं गेलंच, तर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ साधारण अडीच दिवसच चालतं, आणि ज्यांनी तोवर पुढे ढकललं त्यांच्याकडून ते जात नाही. तेव्हा पुसून गप्प बसू नका. त्याच ग्रुपवर दोन ओळी लिहा: तो मेसेज खोटा होता, खरं असं आहे. खोटा फोटो पुन्हा जोडू नका. अडलं तर मला पाठवा, कितीही वाजले असले तरी.

तुमची लेक