रायटर मिळतो, पण त्याला सांगायचं कसं?

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

बी.ए.चा निकाल फोनवर कळवलाच होता. तेव्हा तुम्ही आभार मानूच दिले नाहीत, 'पुढचं काय ते बोल' म्हणालात. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. माझ्यासारखी मुलं आणि त्यांना शिकवणारे वाचतील तर बरंच.

मला दिसत नाही, म्हणून परीक्षेला रायटर, म्हणजे मी सांगेन ते उत्तरपत्रिकेत लिहिणारी व्यक्ती, आणि तासाला किमान २० मिनिटं जादा. केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांतच तसं होतं. तीन तासांच्या पेपरला चार तास! एवढ्यावर आमचं सगळं भागलं असं लोकांना वाटतं. पण त्या सूचनांप्रमाणे आपला रायटर आपण आणायचा तर तो आपल्यापेक्षा एक पायरी कमी शिकलेला लागायचा. माझी रायटर बारावी सायन्सची. अर्थशास्त्रातली 'सीमांत उपयोगिता' तिने जन्मात ऐकलेली नव्हती.

सांगायचं कसं, ते तुम्ही शिकवलंत. तुम्ही स्वतःच रायटर होऊन बसायचात, तोही मुद्दाम मठ्ठ. 'मागणी वक्र काढ' म्हटलं की तुमचं पेन जागचं हलायचं नाही. 'कुठून कुठे?' एवढंच विचारायचात. पुठ्ठ्यावर फेविकॉलने सुतळी चिकटवून तो वक्र तुम्ही आधी माझ्या बोटांखालून नेला होतात. मग बोटांना कळलेलं तोंडाने सांगायचं: डावीकडे उभी रेघ, तिच्यावर किंमत. तिच्या पायथ्यापासून उजवीकडे आडवी रेघ, तिच्यावर मागणी. आता वरून, उभ्या रेघेच्या जवळून, उजवीकडे खाली उतरत जा. हे न अडखळता येईपर्यंत सुटका नाही. चहासुद्धा नाही!

डोळस मुलं वर काय लिहिलंय ते बघून पुढचं लिहितात. आम्हाला ती सोय कुठली? त्यावर तुमचा तोडगा बोटांच्या पेरांचा. एकेक मुद्दा एकेका पेरावर ठेवायचा. तो सांगून झाला की अंगठा पुढच्या पेरावर, आजी जप करते तसा. रायटरने मध्येच 'काय म्हणालीस?' विचारलं तरी आपण कुठे होतो ते हरवत नाही. प्रश्नपत्रिका दोनदा ऐकायची आणि उत्तर सुरू करण्याआधी सगळे मुद्दे मागच्या पानावर उतरवून घ्यायचे, हा तुमचा दंडक. शेजारची पेनं खरखरत असताना असं थांबणं फार जिवावर यायचं. पण जादा वेळ खरा कामी आला तो तिथेच.

नोट्सचं तर विचारूच नका. स्कॅन केलेली पानं म्हणजे एनव्हीडीएच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, लेखी नुसतं चित्र, आणि श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं ते इंग्रजी अक्षरं नि खुणांची खिचडी करून वाचतं. तुम्ही विभागातल्या प्रत्येकाच्या मागे लागून नोट्स युनिकोडमध्ये, म्हणजे त्याला नीट वाचता येईल अशा टायपिंगमध्ये, करून घेतल्यात. त्यापायी तुम्ही किती जणांच्या नजरेत कटकट्या ठरलात, ते मला शिपाईकाकांकडून कळलंय. हे एका मॅडमच्या चिकाटीवर अवलंबून राहू नये असं मला अजूनही वाटतं. पण माझी तीन वर्षं त्या चिकाटीवरच निघाली.

आता एम.ए. तिथे संख्याशास्त्राचा पेपर आहे. आठ-दहा रकान्यांचे तक्ते नुसते ऐकून डोक्यात कसे बसवायचे, ते अजून जमत नाही. पेरं पुरत नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत तक्ते घेऊन येते. चालेल ना?

आपली विद्यार्थिनी